नाना म्हणतात, मला कोणी जेवायलाच दिलं नाही

रामबागवाली
मंगळवार, रात्री ११.५०

विषय घरगुती आहे, पण पुढे विज्ञानाकडे वळतो, म्हणून इथे टाकतेय. ॲडमिनना दुसरीकडे हलवायचा असेल तर हलवावा.

आमचे सासरे, नाना, वय ८४. सगळा जन्म इंदुरात गेला. दीड वर्षापासून विसरतात. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग स्वतःचे धाकटे भाऊ वारल्याचंच विसरले. तेही आम्ही निभावलं. पण दिवाळीपासून नवीनच सुरू झालंय. दुपारी साडेबाराला पोळी, भाजी, वरण-भात, ताक असं रीतसर जेवण होतं. हात धुतात, सुपारी मागतात. आणि एक वाजता माझ्याकडे बघून विचारतात, "आज स्वयंपाक नाही का?" झालं की नाना जेवण, असं म्हटलं तर चेहरा पडतो. "मला कोणी जेवायलाच दिलं नाही."

मागच्या गुरुवारी बाहेर ओट्यावर बसून त्यांनी शेजारच्या काकूंना सांगितलं, सून उपाशी ठेवते. काकू बिचाऱ्या बशीभर पोहे घेऊन आल्या, वर शेव आणि जीरावण मसाला पेरलेला. नानांनी तेही संपवले. मी आत जाऊन रडले. एकवीस वर्षं ह्या माणसाला गरम पोळी वाढतेय.

माझी भाची मानसशास्त्रात एम.ए. करते. ती म्हणाली, "मामी, नाना खोटं बोलत नाहीयेत गं. अमेरिकेत एका माणसाला जेवण झाल्यावर एका मिनिटात दुसरं ताट दिलं होतं, तेही तो जेवला." तिला जैवमानसशास्त्र नावाचा पेपर आहे म्हणे. मन समजून घ्यायला मेंदू, नसा, रक्तातली रसायनं तपासतात ते हे लोक. मला आजवर मानसशास्त्र म्हणजे समोर बसवून प्रश्न विचारणं एवढंच माहीत.

तो माणूस कोण? हे शास्त्रज्ञ नेमकं करतात काय? आणि माझ्यासारखीला त्याचा काही उपयोग आहे का? जाणकारांनी लिहावं.

सराफ्यातला दहीबडा
मंगळवार, रात्री १२.१०

ताई, मी आत्ता सराफ्यातूनच, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीतूनच आलोय. घरून पोटभर जेवून निघालेलं अख्खं इंदूर तिथे पहिल्या घासापासून पुन्हा सुरू करतं. भुट्ट्याचा कीस, मग गराडू, मग जिलबी. कोणाची स्मृती गेलेली नसते. भिया, त्याचंही काही शास्त्र असेल तर सांगा.

(थट्टा सोडा. नानांना नमस्कार सांगा. आमच्या आजीचंही असंच होतं.)

अवकाळी
बुधवार, सकाळी ७.०५

वाचतेय. सासूबाईंमुळे विषय जवळचा.

शरीरक्रियावाला
बुधवार, सकाळी १०.३०

मी बडोद्याचा. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच माफी.

भाची म्हणते तो माणूस हेन्री मोलेसन. हयातभर जगाला तो फक्त 'एच. एम.' म्हणून माहीत होता, नाव कळलं ते 2008 मध्ये तो गेल्यावर. त्याला अपस्माराचे, म्हणजे फिटचे, भयंकर झटके यायचे. 1953 मध्ये, तो 27 वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल ह्या शल्यविशारदानं त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतला भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, मोठा तुकडा गेला. झटके बरेच कमी झाले, पण नवं काही लक्षात राहीना. माणूस हुशार, सभ्य, बोलका. समोरचा खोलीबाहेर जाऊन परत आला की मात्र नवी ओळख.

त्याला तपासायला मॉन्ट्रियलहून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर आगगाडीनं यायच्या. रामबागवाली, तुम्ही विचारता ना हे लोक काय करतात, तर मिल्नरबाईंचा एक प्रयोग ऐका. एका चांदणीची दुहेरी रेघांची आकृती. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे न बघता आरशात बघून. करून पाहा, चिडचिड होते. हेन्रीनं हे तीन दिवस केलं. दर दिवशी हात सफाईदार होत गेला. आणि दर दिवशी तो म्हणत होता की हे आपण पूर्वी कधी केलेलं नाही. म्हणजे हाताला आठवत होतं, त्याला नव्हतं. 'स्मृती' ही एकच गोष्ट नसून निरनिराळ्या कोठारांतला माल आहे, हे एका पेन्सिलीनं दाखवलं. यंत्र नाही, सुई नाही. ह्या शास्त्रातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच, दरवर्षी वर्गात सांगायचो.

आता जेवणाचं. हा प्रयोग 1985 मध्ये छापून आला, तो करणाऱ्यांत सुझन कॉर्किन ह्या संशोधक होत्या. हेन्रीचं जेवण झालं, ताट उचललं, एका मिनिटानं तसंच दुसरं ताट ठेवलं. तो नेहमीच्या संथ गतीनं जेवला, फक्त सॅलड उरलं. भूक किती आहे ह्याला जेवणाआधी तो जो आकडा द्यायचा, साधारण तोच जेवल्यावरही द्यायचा. पुढे 1998 मध्ये पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी स्मृती गेलेल्या आणखी दोघांवर हेच करून पाहिलं. दहा मिनिटं ते अर्धा तास एवढ्या अंतरानं दुसरं जेवण आणलं, दोघेही जेवले. बहुतेकदा तिसरंही सुरू केलं.

"पोट भरलं" हे आपण पोटाच्या भरवशावर म्हणतो असं वाटतं. त्यात आठवणीचा वाटा मोठा आहे. तुमच्या नानांचा तो वाटा गेलाय. विस्मरणाच्या बऱ्याच आजारांत हिप्पोकॅम्पसचा परिसर लवकर झिजतो.

रामबागवाली
बुधवार, दुपारी २.१५

सर, दोनदा वाचलं. "हाताला आठवत होतं" ह्यावर थांबले. नाना आजही बिनचूक पान लावतात. चुना, कात, सुपारी, घडी, लवंग. कोणाला लावून देतोय ते विसरतात.

ग्वाल्हेरी घराणं
बुधवार, दुपारी ४.००

विरोधासाठी विरोध नाही, पण एक शंका. मन म्हणजे मेंदू हे ठरवलं कोणी? मेंदू चिरून मन सापडत असेल तर तानपुरा फोडून यमन सापडायला हवा. आमच्याकडे हजारो वर्षं मनाचा विचार झाला तो डोळे मिटून. आणि उंदीर-मांजरं मारून माणसाची भूक कशी कळणार?

शरीरक्रियावाला
बुधवार, सायंकाळी ६.२०

तानपुऱ्याचा दाखला आवडला. पण तार तुटली की यमन बेसूर होतो, आणि कुठली तार तुटली की कुठला स्वर जातो हे बघून तानपुऱ्याची रचना कळते. हे लोक एवढंच म्हणतात. पॉल ब्रोका ह्या डॉक्टरांनी 1861 मध्ये पॅरिसमध्ये हेच केलं. रुग्ण 'तां' एवढाच उच्चार करू शकायचा, ऐकलेलं मात्र त्याला बरंच समजायचं. तो गेल्यावर मेंदू पाहिला तर डाव्या बाजूला पुढे इजा. त्या जागेला आजही ब्रोकांचं नाव आहे.

उंदरांबद्दल. भुकेचा शोध माणसावरच सुरू झाला आणि तोही गमतीदार. 1912 चा निबंध आहे, वॉल्टर कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न. ह्या पठ्ठ्यानं नळीला बांधलेला रबरी फुगा गिळायची सवय केली. फुगा जठरात, नळी तोंडाबाहेर, जठर आवळलं की बाहेर नोंद. भुकेची कळ येते तेव्हाच जठर आवळतं असं दिसलं, आणि भूक पोटात असते हे ठरून गेलं. पण शस्त्रक्रियेत जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागते. मग?

ह्या 'मग'चं एक मोठं उत्तर आपल्या माणसाचं आहे आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. डॉ. बाळकृष्ण आनंद. 1951 मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर त्यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूच्या तळाशी असलेला छोटा भाग), दोन्हीकडे बाजूच्या भागात, अगदी बारीक इजा केली. उंदीर धडधाकट, समोर खाणं, पण तोंड लावेनात. उपाशी मेले. त्याच्या अकरा वर्षं आधी हेदरिंग्टन आणि रॅन्सन ह्यांनी शेजारच्या भागाला इजा झाल्यावर उंदीर बेसुमार लठ्ठ होतात हे दाखवलं होतंच. पाठ्यपुस्तकात दोन बटणं छापली गेली, एक भुकेचं, एक तृप्तीचं. मीही कित्येक वर्षं तेच शिकवलं. प्रकरण तेवढं सोपं नाही. त्या उपाशी उंदरांना नळीनं भरवून जगवलं तर ते हळूहळू पुन्हा खायला लागतात, आणि त्या जागेतून जाणारे दुसरेच तंतूही इजेत तुटत होते. शिवाय 1994 मध्ये चरबीकडून येणारं लेप्टिन हे हॉर्मोन सापडलं, 1999 मध्ये जठराकडून येणारं घ्रेलिन. बटणं कुठली, अख्खा बाजार आहे.

आणि ग्वाल्हेरकर, तुमच्यासाठी खास. हेच आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि 1961 मध्ये छिना आणि सिंग ह्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी योग्यांच्या मेंदूचे आलेख काढले. डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या डोक्याला तारा लावून! समाधीत असताना बाहेरून आवाज, उजेड, स्पर्श केला तरी त्यांच्या आलेखातल्या संथ लहरी मोडत नव्हत्या. दोघांनी बर्फासारख्या पाण्यात हात बुडवून ठेवला तरी नाही. एका योग्याला हवाबंद पेटीत ठेवून तो प्राणवायू किती वापरतो हेही मोजलं. आपली परंपरा खोटी ठरवायला नव्हे आणि खरी ठरवायलाही नव्हे. काय होतं ते बघायला.

ग्वाल्हेरी घराणं
बुधवार, रात्री ८.४५

आनंद यांच्याबद्दल खरंच माहीत नव्हतं. उंदरांबद्दल माझं मत तेच आहे.

शरीरक्रियावाला
बुधवार, रात्री ९.००

असू द्या. मलाही त्या उपाशी उंदरांचा फोटो वर्गात दाखवताना बरं वाटत नसे.

तेरा पौंडी पहार
बुधवार, रात्री १०.१०

फिनिअस गेजचं नाव कसं नाही आलं अजून? 1848, अमेरिकेत रेल्वेचं काम, सुरुंग ठासायची पहार गालातून शिरून कवटीतून आरपार. माणूस जगला पण राक्षस झाला! मेंदू = स्वभाव, सिद्ध.

माळव्यातली खार
बुधवार, रात्री १०.४०

राक्षस वगैरे नाही हो. स्वभाव बदलला असं त्याच्या डॉक्टरनं लिहिलंय हे खरं, पण तोच गेज पुढे चिलीत जाऊन कित्येक वर्षं घोडागाडी हाकत होता. अनेक घोडे, खाचखळग्यांचा रस्ता, प्रवासी, वेळापत्रक. राक्षसाला कोण नोकरीवर ठेवेल? ही गोष्ट जो सांगतो तो थोडी हिंग-मोहरी घालतो.

मी इंदूरचीच, खंडवा रोडला राहते, ह्या विषयात शिकतेय. रामबागवाली, मला तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. नाना जेवण विसरतात हे कळलं. पण "सून देत नाही" हे कुठून येतं? ते तर विसरणं नव्हे, ते आरोप करणं झालं. तुम्ही रडलात त्यावर, जेवणावर नाही.

त्यासाठी एक वेगळाच प्रयोग सांगते. अपस्मारावर उपाय म्हणून काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारा जाड पट्टा कापला जायचा. अशा लोकांचा अभ्यास रॉजर स्पेरी यांनी केला (1981 चं नोबेल) आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझनिगा यांनी पुढे नेला. एका मुलाच्या डाव्या अर्ध्याला, म्हणजे बोलणाऱ्या अर्ध्याला, कोंबडीच्या पायाचं चित्र दाखवलं. उजव्या अर्ध्याला बर्फाचा देखावा. समोरच्या चित्रांतून जुळणारं निवड म्हटल्यावर उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्या हातानं (तो उजव्या अर्ध्याच्या ताब्यात असतो) फावडं. बरोबरच आहे, बर्फ उपसायला फावडं. पण विचारलं, फावडं का? बोलणाऱ्या अर्ध्यानं बर्फ पाहिलेलाच नव्हता. तरी तो अडखळला नाही. म्हणाला, सोपं आहे, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं.

तो खोटं बोलत नव्हता. मेंदूला कारण नसलेली जागा सहन होत नाही, हाताशी असेल त्यातून तो कारण बनवतो आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवतो. आता नाना. पोटात भूक असल्यासारखं वाटतंय, जेवल्याची आठवण नाही. ह्या घरात वाढतं कोण? तुम्ही. कारण तयार. हे माझं अनुमान आहे, नानांना मी तपासलेलं नाही, पण त्यांच्या त्या वाक्यात तुमचं नाव येतं ते तुम्हीच रोज वाढता म्हणून, असं मला वाटतं.

रामबागवाली
गुरुवार, सकाळी ६.३०

रात्री हे वाचलं आणि मग झोप लागली नाही. वाईट अर्थानं नव्हे. ह्यांना उठवून वाचून दाखवलं. हे म्हणाले, म्हणजे आई असती तर नाव आईचं आलं असतं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली.

सराफ्यातला दहीबडा
गुरुवार, सकाळी ९.२०

माझा प्रश्न राहिला की.

माळव्यातली खार
गुरुवार, सकाळी ९.५०

तुमचं पोट एका चवीला कंटाळतं, दुसरीला नाही. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी 1981 च्या सुमारास हे नीट मोजलं. पोटभर खाल्लेल्या पदार्थाची गोडी उतरते, न खाल्लेल्याची टिकून राहते. म्हणून लग्नात श्रीखंडाला नको म्हणणारा माणूस मठ्ठ्याला हात पुढे करतो. सराफा ह्याच तत्त्वावर चालतो, दर दहा पावलांवर चव बदलते. सगळीकडे नुसते दहीबडे असते तर तुम्ही दहा मिनिटांत घरी आला असता.

सराफ्यातला दहीबडा
गुरुवार, सकाळी ९.५५

दहीबड्यांबद्दल असं बोलू नका.

अवकाळी
गुरुवार, दुपारी १.३०

शास्त्र छान चाललंय, पण मी रोजच्यातलं लिहिते, चार वर्षं सासूबाईंचं केलंय.

पहिलं म्हणजे "आत्ताच तर जेवलात" म्हणायचं नाही. त्यांना ते खरंच माहीत नसतं, आपण खोटं पाडतो असं वाटतं आणि भांडण होतं. मी म्हणायचे, "कुकर लावलाय, तोवर हे घ्या," आणि मूठभर लाह्या किंवा पपईची फोड. बऱ्याचदा कुकरची वाट बघणंही विसरायच्या. दुसरं, दुपारचं एकच मोठं ताट वाढण्याऐवजी दोनदा अर्धं अर्धं. एकूण तेवढंच जातं पोटात. तिसरं, शेजारी सांगून ठेवा. लाज वाटते, पण सांगा. आमच्याकडे अख्ख्या वाड्याला माहीत होतं.

आणि डॉक्टरांना दाखवलंय ना? नुसतं वय म्हणून सोडू नका. आमच्या ओळखीत एकांचं बी-१२ फार कमी निघालं होतं. शाकाहारी, त्यात म्हातारपण. थायरॉईडही बघतात.

रामबागवाली
गुरुवार, दुपारी ३.००

दाखवलंय. बी-१२ ची इंजेक्शनं झाली, थोडा तरतरीतपणा आला, विसरणं राहिलं. एके ठिकाणी तर डॉक्टरांनी मान वर न करता "उमर है" म्हणून गोळी लिहून दिली होती. दुसऱ्यांनी नीट बसून बोलून घेतलं.

एक कबुलीही देते. मागच्या महिन्यात एकदा मी नानांवर ओरडले. खूप. पाच मिनिटांत विसरतील असा मनात हिशेब होता. विसरले पण. तरी संध्याकाळभर माझ्या हातचा चहा घेतला नाही. हे काय असतं?

शरीरक्रियावाला
गुरुवार, सायंकाळी ७.१०

ह्याचं उत्तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे. जिनिव्हात एडुआर क्लापारेड नावाचे डॉक्टर होते. त्यांची एक रुग्ण बाई, काहीच लक्षात ठेवू न शकणारी, रोज त्यांना नव्यानं भेटायची. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. टोचलं. थोड्या वेळानं ती सगळं विसरली. मग पुन्हा हात पुढे केला तर तिनं हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. 1911 मध्ये त्यांनी हे लिहिलंय. (आज असं करायला कुठलीच समिती परवानगी देणार नाही, आणि बरंच आहे.)

अलीकडे 2010 मध्ये अमेरिकेत आयोवा इथे हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या लोकांना दुःखी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते विसरले, मन मात्र उदास राहिलं, पाहिलेलं आठवत नसतानाही. घटना एका वाटेनं साठते, भावना दुसऱ्या. तुमचं ओरडणं पहिल्या वाटेवरून पुसलं गेलं.

तुम्ही वाईट वाटून घ्यावं म्हणून लिहीत नाही. काकूंचे पोहे खाताना त्यांना बरं वाटलं असणार ना, तेही त्याच दुसऱ्या वाटेनं राहिलं असणार. तुमच्या गरम पोळ्याही.

माळव्यातली खार
गुरुवार, रात्री ९.३०

सर, छान. ह्यात आणखी एक नाव जोडते, कारण तिथेही जेवणाचंच आहे. विस्मरणाचा एक आजार ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते डॉक्टर आलोइस अल्झायमर. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे नावाची 51 वर्षांची बाई आली. ती 1906 मध्ये गेली, मग त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिच्या जुन्या केसपेपरात, जे 1995 मध्ये पुन्हा सापडले, त्यांनी तिच्याशी केलेलं बोलणं टिपलंय. दुपारी ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस खातेय. डॉक्टर विचारतात, काय खाताय? ती म्हणते, पालक.

मला ह्या केसपेपरांचं फार अप्रूप वाटतं. सूक्ष्मदर्शक नंतर आला. आधी ते तिच्या ताटासमोर बसून होते.

ग्वाल्हेरी घराणं
गुरुवार, रात्री १०.१५

हे आवडलं. मिल्नरबाईंची आगगाडी आणि हे ताट, दोन्ही. मेंदू चिरणाऱ्यांबद्दल माझा आकस थोडा कमी झाला. थोडा.

अवांतर: हेन्रीचा मेंदू जपून ठेवलाय का?

शरीरक्रियावाला
गुरुवार, रात्री १०.३०

जपलाय, पण अखंड नाही. 2009 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत त्याचे 2401 पातळ काप केले. सलग 53 तास काम चाललं होतं आणि लोक इंटरनेटवर थेट बघत होते. मीही थोडा वेळ पाहिलं. ज्याला पंचावन्न वर्षं काही आठवलं नाही, त्याची इतकी बारीक आठवण ठेवलेली बघून कसंतरीच झालं. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत मानवी मेंदूंचं संग्रहालय आहे, तिथे मेंदू हातात घेऊन बघता येतो. साधारण 1.3 ते 1.4 किलो. वजनाला शरीराच्या दोन टक्के आणि इंधन खातो वीस टक्के. दहीबड्यांनी नोंद घ्यावी.

रामबागवाली
रविवार, दुपारी ४.४०

तीन दिवस लिहायला जमलं नाही. अवकाळीताई, काकूंना सांगितलं सगळं. त्या रडल्या आणि मग मीच त्यांना समजावत बसले.

आज एक करून पाहिलं. नानांचं जेवण झाल्यावर ताट उचललं नाही. तसंच समोर राहू दिलं. चटणीचा डाग, आमटीची वाटी, पोळीचा एक तुकडा. एक वाजता नाना म्हणाले, "आज स्वयंपाक नाही का?" मी काही न बोलता ताटाकडे बघितलं. तेही बघत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "कोण जेवून गेलं? वाटी बघ कशी चाटून पुसून ठेवलीय. आवडलेली दिसते आमटी."

मी म्हटलं, "हो नाना, आवडली त्यांना."

"मग त्यांना पान दिलंस का?" असं म्हणून डबा ओढला आणि पान लावायला घेतलं.